हेडफोनची पिन

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, आमचे शेजारी एकेकाळी ब्रिटनमधले नावाजलेले प्रोग्रेसिव्ह रॉक कीबोर्डिस्ट होते. कॉलेजात मी त्यांच्या कॅसेट्स झिजवल्यात. स्टेजवरच्या दणदणाटाने कान गेले आणि करिअर संपलं.

आज पहिल्यांदाच आमच्याकडे, मुलीच्या कीबोर्डवर, वाजवायला तयार झाले. हिअरिंग एडमधून सूर वाकडे ऐकू येतात, म्हणून ते काढून ठेवले. डोळे मिटून माझं आवडतं गाणं अख्खं वाजवलं.

खोलीत फक्त पट्ट्यांची टकटक. मुलीच्या हेडफोनची पिन कीबोर्डला तशीच राहिली होती, त्यामुळे स्पीकर बंद. ती काढायला मुलगी उठली, तर मी तिचा हात धरला.

शेवटी त्यांनी विचारलं, "अजून जमतंय ना मला?"

मी अंगठा दाखवला.

उद्या परत येतो म्हणालेत. यार, आता काय करू?