काहून बंद पडली?

माणसं गेलेल्यांचा शोक करतात, हरवलेल्या मांजरासाठी खांबाखांबांवर कागद चिकटवतात. पण मोटारीच्या एका अख्ख्या जातीचं मरण कशाने ओढवलं याचा तपास ज्याने आयुष्यभराचा उद्योग करून ठेवला, असा माणूस उभ्या कॅनडात एकच असावा, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बंद पडलेली मोटार म्हणजे त्यांची स्वतःची नव्हे. ती बरी होती. विनिपेगच्या उणे तीस थंडीतही पहिल्या किल्लीला ओ द्यायची. बंद पडला तो ब्रँडच. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने तो काढला, दोन-तीन पिढ्या वाढवला, मिरवला आणि एके दिवशी यापुढे ही गाडी निघणार नाही असं जाहीर करून टाकलं. लोकांनी बातमी वाचून पान उलटलं. मामा त्याच पानावर थांबले. "सगळं कबूल," ते म्हणायचे, "पण काहून बंद पडली, हे कोणी सांगल का मला?" नागपूर सोडून त्यांना चाळीसेक वर्षं झाली होती. बाकीची बोली हळूहळू पुसली गेली, पण हा 'काहून' मात्र टिकला.

त्या ब्रँडचा इतिहास ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे. कंपनीने म्हणे आपल्या गाड्या जिन्यासारख्या रचल्या होत्या. नुकता पगार सुरू झालेल्याने सगळ्यांत खालची घ्यावी, सर्जनने आणि गव्हाच्या बड्या व्यापाऱ्याने सगळ्यांत वरची. आणि आपली ही बरोब्बर मधली. "श्रीमंतासारखी दिसावी, पण श्रीमंत आहे असं कोणी म्हणू नये, अशी," मामा समजावून सांगायचे. ते इथे आले तेव्हा एका बस बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पहिल्याच जानेवारीत स्टॉपवर बसची वाट पाहत असताना त्यांच्या पापण्यांवर बर्फ जमला, आणि त्यांचा फोरमन गाडी थांबवून "गेट इन" म्हणाला. आत तांबड्या मखमलीच्या सीट, पायांवर ऊन हवा, आणि बाहेरचा सगळा गारठा काचेपलीकडे मुका होऊन उभा. या देशात आपण माणसांत आलो की हीच गाडी घ्यायची, असं मामांनी तिथेच ठरवलं. घर पुढे झालं, गाडी आधी. त्याच जातीच्या तीन गाड्या त्यांनी एकीमागून एक वापरल्या. शेवटची, गडद मरून रंगाची, ब्रँड बंद पडला त्याच सुमाराची होती, आणि तिच्यानंतर घेण्यासारखी चौथी जगात नव्हती.

माणसाची ओळख झाली की मामा आधी त्याची गाडी विचारत. तब्येत, नोकरी, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला का, हे सगळं नंतर. मंडळाचा गणपती असला की आत हॉलमध्ये आरती चालायची आणि मामा बाहेर पार्किंग लॉटमध्ये दोन्ही हात पाठीमागे बांधून गाड्यांच्या रांगांमधून सैन्याची पाहणी केल्यासारखे फिरत असायचे. प्रसाद त्यांना तिथेच नेऊन द्यावा लागे. एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईने मोदक नेऊन दिला, तर तिच्या जपानी गाडीचं बॉनेट उघडायला लावून त्यांनी तिला विचारलं, की बाई, ही घेताना तुमच्या मनात काय होतं? ती बिचारी म्हणाली, की पांढरा रंग होता. मामांनी त्यावर आठवडाभर विचार केला. शेवटी मला फोन करून म्हणाले, "जावईबुवा, हे गंभीर आहे. लोकं आता काहीच मनात न ठेवता गाडी घेतात."

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा सुरुवातीला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. त्या खोलीला पाच दरवाजे होते, त्यांतला एकच उघडून बाहेर जाता येई. उरलेले चार गाडीचे होते आणि माझ्या उशाशी भिंतीला टेकून उभे होते. भंगारवाल्यांच्या आवारात या जातीची एखादी गाडी आली की मामा डबा घेऊन तिथे जात आणि संध्याकाळी तिचा काही ना काही अवयव घेऊन परतत. हेडलाइट, अल्टरनेटर, आरसे, एक पूर्ण मागची सीट. कपडे धुवायचं मशीनही तिथेच होतं, त्यामुळे मामींना धुण्याची बादली घेऊन एक बंपर ओलांडावा लागे. ओलांडताना त्या बोलत. मामींचं बोलणं मोठं खमंग होतं. लोकांच्या बेसमेंटमध्ये होम थिएटर असतं, आमच्याकडे शवागार आहे, असं त्या म्हणायच्या. लोणच्याच्या बरणीशेजारी ऑइल फिल्टर सापडला त्या दिवशी त्यांनी तो जेवताना मामांच्या ताटात, मिठाच्या जागी वाढला होता. मामा तो पुसून परत खाली ठेवून आले.

ब्रँड का मेला याची कारणं मामांना अधूनमधून सापडत. पहिलं कारण तेलाचे भाव. ते बरीच वर्षं चाललं. मग कंपनीने एकाच सांगाड्यावर तीन वेगवेगळी नावं ठोकून तीच गाडी तीन दुकानांत मांडली, हे कारण आलं. "सख्ख्या भावांना एकाच कापडाचे सदरे शिवल्यावर कोणता कोण, हे आईलाही सांगता येत नाही," असा त्यावरचा त्यांचा दाखला. मग गिऱ्हाईक म्हातारं झालं आणि त्याच्या मुलाला बापाची गाडी नको होती, हे कारण निघालं. प्रत्येक कारण सापडलं की ते फोन करत, आणि प्रत्येक वेळी पुढच्या फोनला ते अपुरं ठरलेलं असे. मला आधी गंमत वाटायची. पुढे माझाच जीव त्यात गुंतला. एवढी चांगली चाललेली गोष्ट संपते म्हणजे नेमकं कधी संपते, हे मलाही कळेना.

त्यांची एकुलती एक मुलगी दूर पूर्वेकडे मिसिसागात, एका उंच इमारतीतल्या कॉन्डोमध्ये राहते. दोघांनी आता तिकडे यावं, असा तिचा आग्रह होता. मामींचे गुडघे गेलेले, आणि घरासमोरचा बर्फ पंचाहत्तरी उलटलेल्या बापाने फावड्याने उपसावा हे तिला पटत नव्हतं. तिच्याच इमारतीत एक कॉन्डो भाड्याने मिळत होता. मामांनी एकच प्रश्न विचारला होता, की पार्किंग किती. पार्किंग मुळी नव्हतंच. तिच्याच गाडीपुरतं ते होतं. "बाबा, यू डोन्ट नीड अ कार हिअर," ती म्हणाली, आणि तो विषय मामांच्या बाजूने तिथे मिटला.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मामांना कुठूनसं कळलं, की इथून पश्चिमेला दोनेक तासांवरच्या एका लहान गावात या ब्रँडचं दुकान चालवणारा जुना डीलर अजून हयात आहे आणि तिथल्या वृद्धाश्रमात असतो. मामांनी त्या दिवशी टाय बांधला. मामींनी केलेले बेसनाचे लाडू घेतले आणि मला शेजारी बसवून निघाले. हायवेवर ते ऐंशीच्या वर जात नाहीत. धान्याचे ट्रक भोंगे वाजवत आमच्या अंगावरून जात होते, आणि मामा प्रत्येकाला हात करून जणू आशीर्वाद देत होते.

डीलर नव्वदीचे होते. खिडकीशी व्हीलचेअरमध्ये बसून चित्राचे तुकडे जुळवत होते. मामांनी आपली ओळख तीन गाड्यांच्या मॉडेलांनिशी करून दिली, लाडू पुढे ठेवले आणि इतकी वर्षं जपलेला प्रश्न इंग्रजीत विचारला. तेलाचे भाव, तीन नावं, म्हातारं गिऱ्हाईक, आपली सगळी कारणंही मांडली. म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं. असेल, तेही असेल, म्हणाले. मग लाडूचा एक तुकडा तोंडात टाकून ते जुनं काहीबाही सांगू लागले. पूर्वी शनिवारी दुकानात नुसता कल्ला असायचा. दार खडखडतं म्हणून शेतकरी टेबलावर मूठ आपटायचे. एकाने रंग उडाला म्हणून सबंध कुटुंब आणून उभं केलं होतं, बायकोसुद्धा ओरडत होती. पुढच्या वर्षी त्यानेच नवी घेतली. मग हळूहळू शनिवार शांत झाले. त्यांना वाटलं, गाडी सुधारली. त्यांनी तसं कंपनीला कळवलंही.

"तक्रार करणाऱ्या माणसाला ती गाडी हवी असते," ते म्हणाले. "शेवटी शेवटी कुणी तक्रार घेऊनही येत नव्हतं. मला ते फार उशिरा कळलं."

निघताना म्हातारबुवांनी खुर्ची काचेला लावायला सांगितली आणि बाहेर उभी असलेली मरून गाडी बराच वेळ पाहिली. रंग आमच्याच वेळचा, एवढं म्हणाले.

परतताना दोन्ही बाजूंना कापलेली शेतं आणि मधे आमची गाडी. मामांकडून नव्या कारणाचं निरूपण येईल म्हणून मी वाट पाहत होतो. अर्धा रस्ता संपल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "जावईबुवा, तुमची मामी गेल्या दिवाळीपासून बेसमेंटबद्दल एक शब्द बोलली नाही."

सवय झाली असेल, असं मी म्हणालो.

"ती सवय करून घेणाऱ्यांतली नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी त्या दिवशी प्रथमच गाडी शंभरावर नेली.

मामींनी दार उघडलं तेव्हा ते पायपुसण्यावरच थांबले. "ते खालचे दरवाजे कधी काढणार, असं एकदा विचार ना," म्हणाले. मामींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून सावकाश खुर्चीवर बसल्या. बसायला त्यांना किती वेळ लागतो हे त्या दिवशी मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मी वर्षभरात जिना उतरलेच नाहीये," त्या म्हणाल्या. "धुणं तुम्ही नेता, तुम्ही आणता. खाली काय आहे नि काय नाही, मला काय करायचंय आता?"

मामा एक बूट काढून, दुसरा पायात तसाच ठेवून बाकावर बसून राहिले. मुलीकडे जावंसं वाटतं का, असं त्यांनी विचारलं. वाटतं, मामी म्हणाल्या, केव्हाचं वाटतं. मग बोलली काहून नाहीस, असं मामांनी विचारलं, तशा त्या उठून चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी इतिहास न ऐकता चहा मिळाला.

घर विकायला हिवाळा गेला. भंगारवाल्यांकडून आलेले अवयव त्यांच्याकडेच परत गेले. गाडी मामांनी एका शाळेच्या ऑटो शॉपला देऊन टाकली, म्हणजे मुलं तिचं इंजिन खोलून शिकतील आणि पुन्हा जोडतील. देताना त्यांनी मुलांसमोर छोटंसं भाषण करायची परवानगी मागितली होती. मी सोबत होतो. शिक्षक घड्याळाकडे पाहू लागले आणि मामा अजून पहिल्याच मॉडेलपर्यंत आले होते. शेवटी एका मुलीने हात वर करून विचारलं, की सर, ही कंपनीने बंद का केली? मामांनी चष्मा काढून पुसला. मी श्वास रोखून उभा. "आय डोन्ट नो," ते म्हणाले, "पण तिचे ब्रेक उत्तम आहेत." मग किल्ली टेबलावर ठेवून निघाले आणि माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून पट्टा शोधू लागले. त्यांना त्या बाजूने तो सापडेना.

आता ते मिसिसागात असतात. बसचा पास काढला आहे. सुरुवातीला फोनवर फारसं बोलत नसत. काय नवीन, विचारलं की लिफ्टबद्दल सांगत. परवा त्यांनी व्हिडिओ कॉल केला तर मागे सगळा अंधुक पिवळा उजेड. बाहेर बर्फ आहे आणि मामींना सपाट जागेवर चालायला सांगितलंय, म्हणून दोघं रोज इमारतीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. तिथे ऊब असते. मामी काठी घेऊन पुढे चालल्या होत्या. मी विचारलं, आपली एखादी दिसली का तिथे? "नाही," मामा म्हणाले, "आधी रोज पाहायचो. हल्ली मीच विसरतो पाहायचं." तेवढ्यात पुढून मामींचा आवाज आला, की फोनवर बोलत रेंगाळायचं असेल तर मी एकटी जाते, आणि इथे पेट्रोलचा वास किती येतो, मुलीला सांगून काहीतरी करायला लावा. मामांनी घाईघाईने फोन खिशात टाकला. बंद करायचा मात्र राहिला.

मी काही ठेवला नाही. बराच वेळ मला त्यांची पावलं ऐकू येत होती, एकाची सावकाश आणि दुसऱ्याची काठीसकट त्याहून सावकाश, आणि लिफ्ट डावीकडे की उजवीकडे यावरून चाललेलं बारीक भांडण.