देवीच्या भुवया

यंदा शिमग्याला मी एका गावची देवी रागीट केली. हे लिहितानाही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

माझं दुकान रत्नागिरीत, बाजारातल्या एका गल्लीत. चांदीवर कोरीवकाम करणं आणि खडे बसवणं हा घरचा धंदा. आयुष्यभर कोरणी तळहातानं रेटत आलो. तळव्याला घट्टा पडला आणि मनगट ठणकायला लागलं, तेव्हा हवेवर चालणारी कोरणी घेतली. टेबलाखाली कॉम्प्रेसर, पायाशी पेडल, मुठीत मावेल एवढं हत्यार. पेडल दाबलं की आतला दट्ट्या बारीक बारीक ठोके देतो आणि पातं चांदीतून आपसूक पुढे सरकतं. आपण फक्त दिशा द्यायची. टोक बदललं की खड्याभोवतीची कडही त्यानंच दाबून बसवता येते. मला शिंगंच फुटली. येईल त्या गिऱ्हाइकाला पेडल दाबून दाखवायचो. बायको म्हणायची, त्यानं भांडी घासता येत असतील तर सांगा.

शिमग्याच्या आधी आरे-वारेच्या पलीकडच्या एका गावचे मानकरी आले, सोबत गुरव. देवीचं रूप, म्हणजे पालखीत लावायचा चांदीचा मुखवटा, त्यांनी सोवळ्याच्या वस्त्रात बांधून आणलं होतं. कपाळावरचा लाल खडा हलत होता, तेवढा घट्ट करायचा होता. देवीला कौल लावून रीतसर विचारलं होतं आणि तिनं उजवा कौल, म्हणजे होकार, दिला होता. पण विचारलं होतं ते फक्त खड्याचं. हे मानकऱ्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान डोलावली.

देवीला एकटी सोडायची नाही म्हणून ते दोघं बाहेर बाकावर बसून राहिले. आत टेबलाशी मी आणि ती. मुखवटा पोकळ, दाबानं चेपू नये म्हणून मागून राळ भरली. खडा बसवला. काम सुरेख झालं आणि तिथंच मी पाय पेडलवरून काढायला हवा होता.

दिल्या भाकरीचा आणि सांगितल्या कामाचा असला माणूस मला नेहमी कमअस्सल वाटत आला. आपण त्यातले नव्हे, ही माझी घमेंड. देवीच्या भुवया झिजलेल्या होत्या. दरवर्षी घरोघर कुंकू लावायचं, पुसायचं, पदरानं तोंड टिपायचं. त्यानं भुवयांची नुसती सावली उरली होती. मला ती आबाळ वाटली. म्हटलं, आपण त्या उजळून देऊ, फुकट, देवीची सेवा म्हणून. सेवा कसली, मला हत्यार चालवायचं होतं. हातानं कोरताना प्रत्येक रेघेनंतर थांबावं लागतं, फुंकर मारावी लागते, बघावं लागतं. यात थकवा नाही, म्हणून थांबणं नाही. दोन्ही भुवया लोण्यातून सुरी जावी तशा निघाल्या आणि मी स्वतःवर खूश झालो.

राळ काढून मुखवटा धुतला, हात लांब करून बघितला, तेव्हा चूक दिसली. भुवयांची आतली टोकं तांदळाच्या कणीएवढी खाली उतरली होती. कणीच ती, पण तेवढ्यानं चेहरा फिरला होता. निघालेली चांदी परत बसत नाही. कुंकवाखाली कुणाला दिसणार, अशी मी मनाची समजूत घातली. मानकऱ्यांनी मुखवटा हातात घेतला, जरा जास्तच वेळ बघितला, खडा घट्ट आहे ना एवढंच विचारलं, आणि पालखीला या म्हणून आमंत्रण देऊन गेले.

मी गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. दुपारी पालखी वाडीत फिरत होती. त्या गावची देवी हसरी म्हणून ओळखली जायची, हे मला तिथं कळलं. आता ती लोकांकडे अशी बघत होती, जशी आई पाहुण्यांसमोर मुलाकडे बघते.

सोनाराचं नाव कुणीच काढलं नाही. जो तो आपापली चूक शोधत होता. एक म्हणाला, पाणंदीवरून भांडलो ते तिला रुचलं नाही. दुसऱ्याला बोललेला नवस आठवला. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, की लेकरांचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मीसुद्धा म्हणालो. इतका निर्लज्ज मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मग पालखी एका मुंबईकरणीच्या अंगणात आली. गेल्या शिमग्याला तिचा नवरा इस्पितळात होता, त्यामुळे घर उघडता आलं नव्हतं आणि पालखी बंद दारावरून मागे फिरली होती. शेजारच्या बाईनं मला हे हळू आवाजात सांगितलं. ओटी भरताना मुंबईकरणीनं वर बघितलं आणि तिच्या ओंजळीतले तांदूळ सांडले.

‘‘गेल्या साली दार बंद ठेवला, म्हणून अशी बघतेस काय गो आये?’’ असं म्हणून ती पालखीच्या दांड्याला धरून रडायला लागली.

आता मात्र माझ्यानं उभं राहवेना. पुढे झालो आणि सगळ्यांसमोर बोललो. ‘‘वहिनी, देवी रागावलेली नाही. त्या भुवया मी कोरल्यात. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा आगाऊपणा तो.’’

ढोल थांबला. मी मानकऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांना माझ्या दुकानातच कळलं होतं आणि गावात माझं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या गावाला माफी मागायला लावली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर निदान मान खाली घालायला कारण मिळालं असतं.

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार. ती बोललीही, पण समजावल्यासारखी.

‘‘तुमी कशाला कोराल, भाऊ? तिच्या मनात नसता तर तुमचा हात तिच्या कपाळाला लागला असता काय?’’

मी पुन्हा सांगायला लागलो. तो कौल खड्याचा होता, भुवयांचं कुणी विचारलंच नव्हतं, असं काहीबाही. अंगणातल्या बायका ऐकेनात. मुंबईकरणीनं माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, देवीच्या पायांना लावावेत तसे आपले ओले डोळे त्याला लावले, आणि मी तो सोडवूनही घेतला नाही.