एकसष्ट गिऱ्हाइकांचा एकच नंबर

मुंबईच्या उपनगरांत कुठेही घाऊक कणीक मळली जात असेल, तर ती आमच्या सर्व्हिसवाल्या काकांना विचारल्याशिवाय मळली जात नाही, असं माझं ठाम मत आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी कणीक मळायची यंत्रं बनवते, आणि ती बिघडली की काका ती दुरुस्त करतात. दुरुस्त करतात म्हणणं हा खरं तर काकांचा अपमान आहे. ते यंत्रांची विचारपूस करतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की माणसाशी दोन शब्दसुद्धा न बोलता ते म्हणणार, "मशीनला दे." मग पलीकडचा बिचारा यंत्राच्या पोटाशी फोन धरून उभा राहतो आणि इकडे काका डोळे मिटून घरघर ऐकतात. एकदा मॅडमच्या, म्हणजे आमच्या मालकीणबाईंच्या केबिनमध्ये मीटिंग चालू असताना त्यांनी असा फोन कानाला लावला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. पाच मिनिटांनी काका म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे, पाणी कमी घालतोय लेकाचा," आणि मीटिंग पुढे सुरू झाली.

गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवणं काकांना मंजूर नाही. माणूस ओळखायचा तो त्याच्या कणकेवरून. घाटकोपरची घट्ट कणीक, बोरिवलीचा जादा मैदा, विक्रोळीची सैल कणीक. तक्रारीच्या नोंदीत नावाच्या जागीही ते हेच लिहायचे. कुणाच्याही दारात गेले की आधी गोळ्यात अंगठा रुतवणार, मग चप्पल काढणार. यंत्र सुरू होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. एका बेकरीत सकाळी समोर ठेवलेला चहा त्यांनी दुपारी चार वाजता प्यायला, तोच, गार झालेला, आणि वर "झकास" म्हणाले. मालक दुसरा करून आणतो म्हणाला, तर काकांनी त्याला आधीच्या चहाचा गुन्हा काय ते विचारलं.

या माणसाच्या वाट्याला मी गेलो तो कॉम्प्युटरमुळे. कंपनीत चार सॉफ्टवेअर होती आणि चौघांचं आपसात बोलणं नव्हतं. सेल्सवाल्यांच्या सीआरएममध्ये गिऱ्हाइकांची माहिती, बिलं दुसऱ्यात, सुटे भाग तिसऱ्यात आणि सर्व्हिसच्या तक्रारी चौथ्यात. सेल्सवाला एखाद्या बेकरीत नवीन यंत्राचं गोड गोड बोलायला जायचा आणि तिथलं जुनं यंत्र आठवडाभर बंद आहे हे त्याला दारात शिव्या खाताना कळायचं. ही चारही एकमेकांना जोडायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. एकाच गिऱ्हाइकाचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेलं, तेव्हा मी डोकं खाजवून एक नियम काढला: नाव काहीही असो, मोबाइल नंबर एक तर गिऱ्हाईक एक. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की नीट तपासून बघायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी कंपनीला तिचं आजवरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मिळालं. नाव: सैल कणीक, विक्रोळी. त्याच्याकडे दहिसरपासून मुलुंडपर्यंत पसरलेली एकसष्ट यंत्रं. सीआरएमने त्याला आपणहून सोनेरी तारा देऊन टाकला, आभाराचा मेसेज धाडला, आणि एक सेल्सवाला काजूकतलीचा डबा घेऊन विक्रोळीला निघालासुद्धा. मेसेज वाजला तो काकांच्या खिशात. एकसष्ट गिऱ्हाइकांच्या नोंदीत नंबर काकांचाच होता.

माझं हसू तिथेच संपलं. सेल्स मॅनेजरांनी अर्ध्या तासात निकाल लावला की काका कंपनीची गिऱ्हाइकं स्वतःकडे वळवून बाहेर धंदा करतात. रिटायर व्हायला चार महिने उरलेल्या, तीस वर्षं इथे घालवलेल्या माणसावर चोरीचा आळ आला, आणि तो आणला मी. मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मी बसलो, काका उभेच राहिले. मॅडमनी सरळ विचारलं, सगळीकडे तुमचाच नंबर का?

"मॅडम, नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर तक्रारच घेत नाही," काका म्हणाले. "कोणाचा फोन नवऱ्याकडे असतो, कोणी दर महिन्याला सिम बदलतो. विक्रोळीच्या बाईंनी तर भावाच्या गाळ्यात मशीन ठेवलेलं, घरी सांगितलंच नव्हतं. खोटा नंबर टाकायचा नव्हता. खरा मला एकच पाठ होता."

मॅडमनी मला एकसष्टही जणांना विचारून यायला सांगितलं. फोन करायची सोय नव्हती, कारण सगळे फोन काकांनाच लागले असते. पत्ते म्हणाल तर 'देवळामागे पिवळा दरवाजा' अशा थाटाचे, ते काकांखेरीज कोणाला सापडणार? तेव्हा ज्याच्यावर आळ होता त्याच्याच स्कूटरवर मागे बसून मी त्याची चौकशी करायला निघालो. असा तपास जगात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

तीन आठवडे आम्ही फिरलो. मी विचारत असताना काका मुद्दाम लांब, स्कूटरपाशी जाऊन उभे राहायचे. आपल्या तोंडाकडे बघून कोणी भिडेखातर चांगलं बोलायला नको, म्हणून. वर्सोव्याला स्कूटर बोटीत चढवून मढला गेलो, तिथे शूटिंगवाल्यांना जेवण पुरवणारा एकजण राहतो. काका कधी बाहेरच्या बाहेर काम करून गेले का, असं विचारल्यावर तो माझ्यावरच भडकला. आत जाऊन त्याने आमच्या कंपनीच्या पावत्यांचा गठ्ठा आणून आपटला आणि म्हणाला, "पावती दिल्याशिवाय हलत नाय तो माणूस. मीच कंटाळतो, यार." पुढे जिथे जिथे गेलो तिथे तिथे पावत्या होत्या, आणि मला खाली मान घालून त्या बघाव्या लागत होत्या.

विक्रोळीच्या बाईंचं आता रस्त्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, वर त्यांच्या स्वतःच्या नावाची पाटी. मी भीत भीत नंबर मागितला. त्यांनी पोळी लाटता लाटता सांगून टाकला. दोन वर्षं झाली, म्हणाल्या, माझा स्वतःचा फोन आहे. काकांना का नाही दिलात, असं मी विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटलं.

"काकांनी कधी विचारलाच नाही. आणि काकांना सांगितलं की काम होत होतं ना."

काका तेवढ्यात जवळ आले होते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि बाईंकडून विचारून घेत एकेक आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. बहुतेक ठिकाणी हेच झालं. गिऱ्हाइकांकडे केव्हाच स्वतःचे नंबर आले होते; काकांना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि फोन वाजला की काका आकडे थोडेच बघतात, थेट मशीनचा आवाज ऐकतात.

मॅडमनी सगळ्या कंपनीसमोर काकांची माफी मागितली आणि सेल्स मॅनेजरांनाही मागायला लावली. काका इतके अवघडले की टेबलाचा पाय डगमगतोय म्हणून खाली वाकले ते माफी संपेपर्यंत वर आलेच नाहीत. नंतर मी नोंदी नीट वेगळ्या केल्या आणि चारही सॉफ्टवेअर पुन्हा जोडली. आता तक्रार आली की लागणारा भाग स्टोअरमध्ये आपोआप बाजूला निघतो, जवळच्या मेकॅनिकला निरोप जातो, आणि कोण, किती वाजता येणार ते थेट गिऱ्हाइकाला कळतं. काम झकास झालंय, मीच म्हणतो. फक्त काकांच्या नंबरची एक नोंद रिकामी उरली होती. तिच्या नावावर आता एकही यंत्र नव्हतं. ठेवू का, असं मी काकांना विचारलं.

"काढून टाक. माझ्याकडे कुठं मशीन आहे?"

मी काढून टाकली. दोन दिवसांनी दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. हातात मोबाइल. "जरा रिंग दे रे," म्हणाले, "कालपासून वाजला नाही. बिघडलाय वाटतं." मला फार वाईट वाटलं, पण मी रिंग दिली. फोन चांगला खणखणीत वाजला. काकांनी तो कानाला लावला. समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेलो मी, माझाही फोन कानाला.

"चालू आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.