आलो की आले

आमच्या सीमाभागात, कंग्राळीकडं, बायकाही 'मी आलो' म्हणतात. आई म्हणते, आक्का म्हणते, गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हणतात. 'आले, गेले' हे पुस्तकात. शाळेतल्या बाई फळ्यापुढं तसं बोलायच्या आणि शाळा सुटली की त्याही 'जातो' म्हणून निघायच्या. पुण्याला नोकरीला जाईपर्यंत यात काही वेगळं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

डेटिंग ॲपवर ती भेटली तेव्हा आधी मला तिचं गावच आवडलं. निपाणीजवळचं बोरगाव. पहिला मेसेजही तिनंच केला : "कंग्राळीचा व्हय? मावशी हाय तिथं माझी. जत्रंला आलतो मी. तुमच्याकडचं मटण लई तिखट रं." मी एकटाच हसत बसलो. खोलीतल्या मित्रानं डोकावून वाचलं. "आलतो? अरे येड्या, हा बाप्या आहे. मुलीचा फोटो लावून फसवतोय तुला."

ती मुलगीच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. 'आमच्यात असंच बोलतात, माझी आईसुद्धा' एवढंच सांगायचं होतं. पण पुण्यात घासूनपुसून घेतलेली माझी भाषा आडवी आली. उलट मी त्याच्याबरोबर हसलो. वर तिला लिहिलं, "जरा मुलीसारखं लिही ना."

 उत्तर आलं, "बरं. लिहिते."

तेव्हापासून ती आले, गेले, जेवले असं लिहू लागली. मी शाबासकी दिली, "आता कशी गोड वाटतेस!" तिची चेष्टा, ते 'रं', ती उलट उत्तरं हळूहळू आटत गेली. याचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, लाजते आहे. मुलगी लाजली म्हणजे आपलं जमतंय, असं मानणाऱ्यांतलाच मी.

दिवाळीला मी गावी गेलो, तीही मावशीकडं आली, तेव्हा मैत्रीण म्हणून तिला घरी आणलं. गोठ्यातनं हात पुसत आई आली. "बस गं बाई. धार काढत हुतो म्हणून उशीर झाला. च्या ठेवतो आता."

तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मग ती उठली आणि "थांबा मावशी, मी बी येतो," म्हणत आईमागं आत गेली. चहा उकळेपर्यंत दोघींचं हसणं ऐकू येत होतं. पहिल्या मेसेजमधली ती मुलगी आत माझ्या आईशी बोलत होती आणि मी बाहेरच्या सोप्यात परक्या पाहुण्यासारखा बसलो होतो. लाज वाटली स्वतःची. ज्या बोलीत आईनं मला वाढवलं, ती मी या पोरीच्या तोंडातून काढून घेतली होती.

निघताना ती आईच्या पाया पडली. "येतो हं मावशी." मग चपला घालत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "येते."

ती बोरगावच्या बसमध्ये बसली असेल त्या सुमारास मी भीत भीत लिहिलं, "चुकलं माझं. आईशी बोललीस तसंच माझ्याशी बोल की गं."

दिवेलागणीला उत्तर आलं.

"पोचले."