लशीच्या फ्रीजचा तक्ता

औंढ्यापासून तासाभरावर असलेल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मला सुई नीट धरता येत नव्हती. ती धरायला शिकवली मोठ्या बाईंनी. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या नर्स. डॉक्टरसुद्धा त्यांना बाईच म्हणत. लेकरू रडायच्या आत सुई बाहेर काढायची त्यांची हातोटी मला आजही जमलेली नाही. त्यांच्या डब्यात रोज धपाटे असत आणि अर्धा वाटा माझा, न मागता. ते दिवस आठवले की मला अजून भूक लागते, खोटं कशाला बोलू?

लशींच्या फ्रीजजवळ एक तक्ता टांगलेला असे. सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान, जे दोन ते आठ अंशांत राहायला हवं, ते बघून त्यात लिहायचं आणि सही करायची. बाईंचा तक्ता बघण्यासारखा: चार, पाच, चार, पाच, महिनाभर. उन्हाळा असो की थंडी, आमचा फ्रीज जिल्ह्यात सगळ्यात शहाणा. मी पहिल्यांदा झाकण उघडून थर्मामीटर बघायला लागले तेव्हा बाई हसल्या. "आगं पोरी, सारखं काहून उघडून राहिली? त्याला बी उकडतंय." मीही हसले आणि चार लिहून मोकळी झाले. पुढे कित्येक महिने मीही न बघताच लिहिलं. हे आधीच सांगते, म्हणजे मी धुतल्या तांदळासारखी होते असं कुणाला वाटायला नको. आता यंत्रच तापमान मोबाईलवर पाठवतं. सोय झाली, पण ते हसणं काही परत ऐकू येत नाही.

त्या मे महिन्यात वादळानं विजेचे खांब पाडले. शनिवारी दुपारी गेलेली लाईट सोमवारी पहाटे आली. जनरेटर होतं, डिझेल नव्हतं. मी आवारातल्याच खोलीत राहायचे. दोन दिवस पुठ्ठ्यानं वारा घेत काढले होते, त्यामुळे फ्रीज बंद होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी बाईंनी माझ्यासमोर शनिवार-रविवारचे रकाने एका बैठकीत भरले. चार, पाच, चार, पाच. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

मंगळवारी त्याच लशी घेऊन मी कालव्याकाठच्या वस्तीवर गेले. एक आई लेकरू पुढं धरून म्हणाली, "तुमी आल्या म्हून बरं झालं, आता भेव न्हाई." मी टोचलं. लस उष्णतेनं निकामी झाली असेल, तर त्या लेकराला कसलंच संरक्षण नव्हतं, आणि त्याची आई निर्धास्त झोपणार होती.

बुधवारी बाई रजेवर होत्या. खरं म्हणजे मी तो दिवस निवडलाच होता. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं, हेही मला ठाऊक होतं. डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्या स्वतःच्या सह्यांसकट. ते उठून तक्ता काढून घेऊन आले आणि म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं.

मला ताकीद मिळाली, बाईंची बदली झाली. त्याआधी त्या मंगळवारच्या सगळ्या लेकरांना पुन्हा डोस द्यायचा आदेश आला. माझ्यासोबत कोण जाणार, हे डॉक्टरांनी विचारायच्या आत बाईंनी लशीची पेटी उचलली. प्रत्येक दारात त्या स्वतःच बोलायच्या. "माय, माही चूक झाली. लेकराला पुन्यांदा टोचावं लागतंय." कुणी पाणी दिलं, कुणी चार शब्द सुनावले. एका आजीबाईंनी तोंडावर दार लावलं. बाईंनी ते पुन्हा वाजवलं.

रस्त्यानं मात्र त्या माझ्या चार पावलं पुढंच चालत होत्या. शेवटचं घर झालं तशा कालव्याच्या कठड्यावर टेकल्या.

"सांगितलं ते बराबर केलं," त्या म्हणाल्या. "पन आदी मला काहून न्हाई सांगितलं? मी काय परकी हाय?"

याचीच मला धास्ती होती. उत्तर बुधवारपासून तयार होतं आणि ते गिळून टाकावं असं फार वाटत होतं, कारण त्या गावात मला त्यांच्याइतकं कुणीच जवळचं नव्हतं.

"तुमाला सांगितलं असतं, तर तुमी मला समजावलं असतं, बाई," मी म्हटलं. "आन् मला पटलं असतं."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "समजावलंच असतं."