आमचा चावरा लाडू

शिलाईच्या दुकानात कातरणाचा ढीग कधी होतो ते कळत नाही. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढाच. लाडूच्या गोष्टींचंही आमच्याकडे तसंच झालंय. एक सांगून उठावं तर गिऱ्हाईक म्हणतं, "अन् ते कानाचं काय झालतं?" ब्लाउज राहतो बाजूला! म्हणून एकदाच बसून सगळं सांगून टाकते.

लाडू म्हणजे शुगर ग्लायडर. खारीसारखा, मुठीएवढा. डोळे कोटाच्या बटणासारखे, अंगाच्या दोन्ही बाजूंनी कातडीची झालर. ती पसरली की उंचावरून थेट माणसाच्या अंगावर उतरतो. लोकांच्या सुना कपाट घेऊन येतात, आमची प्रणाली पुण्याहून दिग्रसला पिंजरा घेऊन आली! त्यात दोघं. मादी मिर्ची, ती अगदी गरीब. नर लाडू, अन् तो चावतो!

*

एकदा संध्याकाळी आमचे हे चहा घेत बसले होते. लाडूने पडद्याच्या दांडीवरून झेप घेतली ती ह्यांच्या टकलावर. टक्कल गुळगुळीत. घसरला बिचारा. धरायला काही सापडेना, म्हणून दातांनी कान धरला!

हे कपबशीसकट उभे. "घरात लेकरू येऊन राह्यलं, अन् हे कान तोडून राह्यलं! बाळ यायच्या आत ह्याले नागपूरच्या माणसाले देतो. सांगून ठेवतो!"

"मले कायले सांगता? कान तुमचा."

नागपूरचा माणूस म्हणजे असले प्राणी घेऊन विकणारा. ह्यांनी तेव्हाच फोन लावला. तोही दोन महिन्यांनी येतो म्हणाला.

प्रणाली त्या रात्री जेवली नाही. सातवा महिना होता तिला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. आई गेली त्या वर्षी वडिलांनी ही जोडी आणून दिली होती. एकाला नेलं तर दुसरं खाणंपिणं सोडतं, म्हणे.

मी ताट तिच्यासमोर आदळलं. "जेव आधी. चावणं मी सोडवतो त्याचं."

बोलून तर बसले!

*

दुकान आमच्या घरातच, पुढच्या खोलीत. पहिल्याच दिवशी माझं मशीन बिघडलं. करकर, करकर, धागा अडकल्यासारखं. शटल काढलं, पुसलं, तेल घातलं. करकर चालूच. माझ्यासोबत दुसऱ्या मशीनवर नसीम भाभी बसते. तिने तिच्याही मशीनला तेल पाजलं.

मग भाभी म्हणाली, "शोभा, पाय तो हटा."

पाय काढला. मशीन बंद, आवाज चालू! आतल्या दाराजवळच्या पिंजऱ्यातून येत होता. लाडू मागच्या पायांवर उभा राहून मला शिव्या देत होता.

"कित्ता तेल वाया गया रे तेरे पीछे!" भाभीने त्याला सुनावलं. तो आणखी मोठ्याने करकरला.

*

प्रणालीने नियम सांगितला. "आई, चावला तरी हात मागे घ्यायचा नाही. घेतला की त्याला वाटतं, चावलं की माणूस पळतो."

मी म्हटलं, बरं. आपण कोणापुढे मागे हटत नाही, हा तर मुठीएवढा.

पिंजऱ्यात हात घातला. चावला. ठेवला हात. पुन्हा चावला. मी त्याच्याकडे पाहते, तो माझ्याकडे. रक्त आलं, पण हात काढला नाही. शेवटी तो दमून माझ्याच मनगटावर बसला.

तेवढ्यात रक्ताचा एक थेंब गिऱ्हाइकाच्या पिवळ्या ब्लाउजवर पडला. पाठीच्या मधोमध! धुतला तरी डाग राहिला. मग त्यावर लाल टिकली लावली, अन् एकटी बरी दिसेना म्हणून पाठभर लावल्या.

तो ब्लाउज पाहून गल्लीतल्या चार जणी आल्या. "आमालेबी तसाच पाहिजे!"

*

नसीम भाभीला आपली युक्ती करून पाहायची होती. "मीठा खिलाओ तो दुश्मन भी दोस्त बनता," म्हणाली, अन् बोटाला मध लावून पुढे केलं.

लाडूने डोळे मिटून चाटलं. भाभी खूश. "देख, देख! कैसा बच्चे जैसा!"

मध संपला. बोटही गोड आहे का ते त्याने दातांनी तपासलं!

भाभी ओरडली, "या अल्ला! नमकहराम!"

आतून प्रणाली म्हणाली, "भाभी, मीठ कुठं होतं, मध होता ना!"

अख्ख्या महिन्यात पोरगी पहिल्यांदा हसली.

*

मग प्रणालीने दुसरा उपाय सांगितला. अंगावरचं, न धुतलेलं कापड पिंजऱ्यात ठेवायचं. वासाने ओळख होते. मी घाईत होते, दुकानातून एक कापड उचललं अन् दिलं टाकून.

आठ दिवसांनी सुलभाबाई आली. शेजारीण. जिभेने सुई ओवील अशी बाई. "माह्या मापाचा ब्लाउज दे व."

मापाचा ब्लाउज म्हणजे गिऱ्हाईक नमुन्याला देतं तो, घातलेलाच असतो. शोध शोध शोधला. नाही! आतून प्रणाली घेऊन आली, "आई, हा का?" ब्लाउजात लाडू झोपलेला!

तो जागा झाला, नाक हलवलं, सुलभाबाईच्या खांद्यावर चढला, तिच्या मानेशी घुसून परत झोपला.

"अव माय! किती गरीब लेकरू हाय! कोन म्हनते चावते?"

माझ्या तीन बोटांना पट्ट्या! रक्त माझं सांडलं, अन् जीव हिच्यावर! मी ब्लाउज तिच्या हातात कोंबला, त्याच संध्याकाळी माझा अंगावरचा उतरवून पिंजऱ्यात टाकला.

*

पण वासाने भागेना. म्हणून मी ओटीच बांधली. शेतात कापूस वेचताना बाया कमरेला कापड बांधतात, तशी. जुन्या लुगड्याची. हा दिवसा झोपतो, तर झोपू दे माझ्याजवळ. मी मशीन चालवते, हा ओटीत घोरतो. हळूहळू चावणं कमी झालं, मग थांबलं. ह्यांच्या हातावरही बसायला लागला.

असंच एकदा मी एका नव्या गिऱ्हाइकाचं माप घेत होते. बाई एकदम मागे सरकली.

"ताई, तुमच्या पोटात काही हालून राह्यलं!"

तोंडात टेप होता, मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सुलभाबाई दारात. "काव शोभा, सुनेचं अन् तुयं संगंच हाय का? ह्या वयात!"

हे दाराशी उभे होते. चप्पल न घालताच बाहेर गेले!

*

आणि मग प्रणालीला नववा लागला, अन् नागपूरच्या माणसाचा फोन आला. उद्या दुपारी येतो.

मी ह्यांना म्हटलं, "आता चावत नाही तो. राहू द्या."

"मी शब्द देऊन बसलो. मानूस गाडीभाडं खर्चून येऊन राह्यला."

दुपारी तो आला. गॉगल, हातात जाळीची पेटी. प्रणाली दाराला धरून उभी, तोंड उतरलेलं.

"चावत तर नाही ना?" त्याने विचारलं. "चावरा मी नेत नाही, गिऱ्हाईक परत आणून देते."

हे म्हणाले, "काल माह्या हातावर झोपला होता. हिच्या ओटीत असते पाहा."

मी ओटी कमरेची सोडली, तोंड चिमटीत धरून टेबलावर ठेवली. "घाला हात. हळू घालजा, झोपमोड होते."

त्याने घातला. "आई गं!" हात बाहेर. दोन थेंब रक्त.

"झोपीतून उठला असेल," हे म्हणाले. "परत घाला."

परत घातला. ह्या वेळी तो खुर्चीसकट मागे गेला! "असलं जनावर फुकटात देलं तरी नेत नाही!" पेटी उचलली अन् स्टँडकडे निघून गेला.

हे ओटीकडे पाहत राहिले. "काल तर इतका शांत होता. आज काय झालं ह्याले?"

तेवढ्यात आत गेलेली प्रणाली तिथूनच ओरडली, "आई! लाडू तर इथं आहे! पिंजऱ्यात, मिर्चीजवळ झोपलाय!"

ह्यांनी ओटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

नसीम भाभी तिच्या मशीनभोवती सगळीकडे चाचपडत होती. "शोभा, मेरी टाचणियों की उशी देखी क्या?"

मी म्हटलं, "भाभी, मशीन चालव. संध्याकाळी चार ब्लाउज द्यायचे हाय."