उजव्या हाताला पिंपळ

राघोबामामांच्या तोंडात रबरी नळी होती, नाकाला चिमटा होता आणि ते उजवा हात हलवून मला काहीतरी सांगत होते. मी कागदावर लिहिलं : सहाव्या फेरीला दम लागला.

साठ सालानंतरचे दिवस. मी तंजावरात एका लहानशा लॅबमध्ये फिजिऑलॉजीचं काम करत होतो. म्हाताऱ्या माणसांना चालायला किती श्रम पडतात, हे मोजायचं फर्मान चीफनी काढलं होतं. पद्धत सोपी. पाठीवर रबरी कापडाची मोठी पिशवी बांधायची. माणूस चालताना सोडतो तो श्वास नळीतून पिशवीत साठतो. त्यातला ऑक्सिजन तपासला की शरीराने किती जाळला ते कळतं. तेवढंच अंतर कमी ऑक्सिजनमध्ये कापणारा माणूस किफायतशीर चालतो. शिवाय नाडी मोजायची. व्यायाम हलका की जड, ते नाडी सांगते.

लॅबमागे पिंपळ होता. त्याच्याभोवती मी चुन्याने गोल ट्रॅक आखला. इंग्रजी पुस्तकात जसे बाण होते तसेच काढले. धावण्याच्या शर्यतीत असतं तसं, डावा हात आतल्या बाजूला. पहिली ट्रायल चीफनी स्वतःच चालून घेतली.

बारा म्हातारे तपासले. बाराही जणांचे आकडे वाईट. सावकाश चालताना नाडी अशी, जणू देवळाचं गोपुर चढतायत. चीफ खूश झाले. "राव, धिस इज अ पेपर!" म्हणाले.

माझं मन काही मानेना. हे बाराही जण लॅबपर्यंत चालत आले होते. एक तर थेट तिरुवैयारूहून.

त्या बारांत मामाही होते, पण त्यांचं प्रकरण वेगळं होतं. ते पापनाशमच्या तालुका कचेरीतून रिटायर झालेले, आमच्या आईच्या नात्यातले. मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी नदीवर जायचं, येताना देवळात, मग कुणाच्या तरी तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून गप्पा मारायच्या. एवढंच त्यांचं उरलं होतं. मुलगा मद्रासला. त्याने मला बजावलं होतं, "चीनू, टेस्ट वाईट निघाली तर तसं लिहून दे. मी त्यांना घेऊन जातों. माझ्याकडे माडीवर बसून राहतील."

टेस्ट वाईट निघाली होती. मी पत्र लिहायला बसलो. वाईट वाटत होतं, पण आकडे ते आकडे.

खिडकीतून पाहिलं तर मामा अजून पिंपळाभोवती फिरत होते. नळी नाही, पिशवी नाही. उलट्या दिशेने, माझे बाण तुडवत. मी धावतच बाहेर गेलो.

"मामा, पोरूम! पुरे आतां. दम लागला होता ना तुम्हाला?"

"दम कोण म्हटलं? मी केव्हांचा तुला हातानें सांगत होतों, दिशा चुकली म्हणून."

"मग आतां काय करताय?"

"सोडवतों. सहा फेऱ्या उलट्या झाल्या, सहा सुलट्या." ते थांबले. "आपण उलटे केव्हां फिरतों रे? मी एकदांच फिरलों. तुझ्या मामीच्या चितेभोवती. आज पुन्हां तूं फिरवलंस."

मी त्यांचा हात धरला. धीर द्यायला नाही, नाडी बघायला. खरं सांगायचं तर दोन्हीसाठी. नाडी शांत होती.

माझ्या गळ्यात जानवं होतं. वडिलांच्या चितेभोवती मीही तसाच फिरलो होतो. पण बाण पुस्तकात होते, म्हणून मी काढले. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाण पुसून उलटे काढले. आठवडाभरात बाराही जणांची पुन्हा तपासणी केली. अकरांचे आकडे चांगले आले. बाराव्याला खरोखरच दमा होता.

चीफना रिपोर्ट दिला. त्यांनी विचारलं, "व्हॉट इज द सायंटिफिक बेसिस, राव?"

"सर, त्यांना वाटत होतं आपण त्यांना स्मशानात फिरवतोय. नाडी भीतीची होती, चालण्याची नव्हती."

चीफनी कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं. मग हळूच म्हणाले, "ट्रायलच्या दिवशी मी किती राउंड घेतले होते?"

"तीन, सर."

जेवणाच्या सुट्टीत पिंपळाभोवती कोणीतरी तीन फेऱ्या मारताना दिसलं. मी खिडकी लावून घेतली. पेपरचं नाव पुन्हा निघालं नाही.

मामांच्या मुलाला मी पत्र पाठवलं : "प्रकृती उत्तम. रोज चालू द्यावं. बाजू त्यांची त्यांना ठरवू द्यावी." मामा पुढे बरीच वर्षं नदीवर जात राहिले.

तेव्हापासून लॅबमध्ये माझा एक नियम आहे. नळी काढली की आकडा लिहिण्याआधी विचारायचं, "काही सांगायचं होतं का?"